सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही

एखादी जुनी मोटारगाडी रस्त्याच्या कडेला अडून बसलेली तुम्ही नक्कीच पाहिली असेल. चालक किल्ली फिरवतो. ‘खर्र-खर्र-खर्र’ असा आवाज करीत इंजिन फिरते, पण किल्ली सोडताच थांबते. पुन्हा किल्ली, पुन्हा तोच आवाज. एव्हाना चार माणसे जमतात. एक म्हणतो, ‘बॅटरी उतरली.’ दुसरा म्हणतो, ‘प्लग काढून साफ करा.’ तिसऱ्याला कार्बोरेटरमध्ये कचरा अडकल्याची खात्री असते. चौथा बाह्या सरसावून म्हणतो, ‘सोडा हो, धक्का मारू!’

यांतला प्रत्येक सल्ला कोणत्या ना कोणत्या गाडीच्या बाबतीत खरा ठरलेला असतो. प्रश्न एवढाच, की आज, या गाडीच्या बाबतीत कोणता खरा? हे ठरवण्यासाठी गाडीचा प्रत्येक भाग ओळखता यायलाच हवा असे नाही. इंजिनाला काय काय लागते ते माहीत हवे आणि प्रश्न योग्य क्रमाने विचारता यायला हवेत. शाळेत शिकलेले भौतिकशास्त्र येथे चांगलेच उपयोगी पडते.

उदाहरणासाठी आपण प्रीमियर पद्मिनी ही गाडी घेऊ. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात १९६४ पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली. तीच पुढे १९७४ मध्ये ‘पद्मिनी’ झाली. तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. हौशी लोकांकडे मात्र ती अजून आहे. आपल्या दृष्टीने तिचा मोठा गुण असा, की तिच्यात सगळे उघड्यावर आहे. नव्या गाडीत जे काम बंद डबीतील संगणक करतो, ते येथे तार, स्प्रिंग आणि स्क्रू करतात. बॉनेट उघडले की पुस्तक उघडल्यासारखेच!

अडलेली गाडीही काही सांगते

इंजिन सुरू झाले नाही, हे सर्वांच्या ध्यानात येते. पण ते फिरले, ही गोष्ट तितकीच महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही.

इंजिन फिरवणारी विजेची मोटर म्हणजे ‘सेल्फ’. ती बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर एवढा प्रचंड प्रवाह घेते. इंजिन नेहमीच्या वेगाने, म्हणजे मिनिटाला सुमारे दोनशे फेऱ्या, फिरत असेल, तर बॅटरी, तिच्या जाड तारा आणि सेल्फ हे सारे ठीक आहेत. इंजिन आतून जाम झालेले नाही, हेही कळले. एका हातोडीचाही उपयोग न करता आपण संशयितांपैकी निम्मे सोडून दिले.

आता आवाज नीट ऐका. आवाजात चढउतार असतील, ‘खर्र’ नंतर किंचित अडखळल्यासारखे होऊन पुन्हा ‘खर्र’ येत असेल, तर सिलिंडरमध्ये हवा दाबली जात आहे. दट्ट्या हवा दाबतो तेव्हा सेल्फवर भार पडतो आणि तोच आवाजात उमटतो. याउलट आवाज एकसुरी, सरळ आणि नेहमीपेक्षा जलद येत असेल, तर हवा दाबलीच जात नाही. क्रँकशाफ्टवरून झडपांच्या शाफ्टला फिरवणारी साखळी तुटली तर असे होते. या गाडीत झडपांच्या शाफ्टवरच पेट्रोलचा पंप चालतो आणि ठिणग्या वाटणारा डिस्ट्रिब्यूटरही त्याच्याच जोरावर फिरतो. त्यामुळे साखळी तुटली, की दाब, पेट्रोल आणि ठिणगी तिन्ही एकदम नाहीशी होतात. अशा वेळी प्लग साफ करीत बसणे व्यर्थ होय.

इंजिनाच्या चार गरजा

पेट्रोल इंजिन सुरू होण्यास चार गोष्टी लागतात : पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे योग्य मिश्रण, त्या मिश्रणावर दाब, ते पेटवणारी ठिणगी आणि ठिणगीची अचूक वेळ.

या चारांपैकी एकही कमी पडली, तर उरलेल्या तिन्ही असून नसल्यासारख्या. म्हणून बिघाड शोधताना विचारायचे ते असे : ‘चारांपैकी कोणती गरज भागत नाही?’ ‘कोणता भाग बदलू?’ हा प्रश्न त्यानंतरचा आहे. हा क्रम उलटा झाला, की खिसा रिकामा होतो आणि बिघाड तसाच राहतो.

दाबाचा अंदाज आवाजावरून आला. उरली ठिणगी, पेट्रोल आणि वेळ. यांतले आधी काय पाहावे? चालकाला एक साधा प्रश्न विचारा : ‘गाडी बंद कशी पडली?’ दिवा विझावा तशी एकदम बंद पडली असेल, तर संशय ठिणगीवर घ्यावा. तार निसटली, की त्याच क्षणी सर्व ठिणग्या थांबतात. गाडी आधी आचके देऊन, ताकद गमावत गमावत थांबली असेल, तर संशय पेट्रोलवर. कारण पुरवठा बंद झाला तरी कार्बोरेटरच्या वाटीत थोडे पेट्रोल उरलेले असते आणि ते संपेपर्यंत इंजिन कसेबसे चालते. हा पुरावा नव्हे, पण कोणत्या दिशेने सुरुवात करावी हे त्यावरून ठरते.

येथे एक सूचना. पुढे सांगितलेल्या चाचण्या जाणत्या मिस्त्रीबरोबर उभे राहून पाहाव्यात, एकट्याने करू नयेत. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, हँडब्रेक ओढलेला हवा, सैल कपडे आणि हात पंख्याच्या पट्ट्यापासून दूर हवेत. सांडलेल्या पेट्रोलजवळ ठिणगीची चाचणी कधीही करू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइड विषारी असतो आणि त्याला वास नसतो. काहीजण कार्बोरेटरमध्ये वरून पेट्रोल ओततात. तेथून ज्वाळ उलटून तोंडावर येऊ शकते.

बारा व्होल्टची ठिणगी कशी पडते?

बॅटरी बारा व्होल्टची आणि प्लगला हवेत हजारो व्होल्ट. हे गणित जुळते कसे? याचे उत्तर मायकेल फॅरडेने १८३१ मध्ये शोधलेल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनात आहे. ते मोटारीत वापरण्याची सोपी पद्धत अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग याने शोधली आणि १९१० च्या कॅडिलॅक गाडीत ती बसवली गेली. त्यानेच तयार केलेला विजेवर चालणारा सेल्फ त्याच गाडीत १९१२ मध्ये आला. पद्मिनीत त्याची हीच पद्धत आहे.

इग्निशन कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. प्राथमिक वेटोळ्याचे फेरे थोडे, समजा २५०; दुय्यम वेटोळ्याचे पुष्कळ, समजा २०,०००. प्राथमिक वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह जातो आणि गाभ्यात चुंबकत्व निर्माण होते. डिस्ट्रिब्यूटरमध्ये ‘पॉइंट’ नावाचे दोन छोटे धातूचे संपर्क असतात. फिरणारी कॅम त्यांना अचानक उघडते, प्रवाह तुटतो आणि चुंबकत्व कोसळते. प्रवाह जितक्या झपाट्याने बदलतो, तितके प्रवर्तित विभवांतर मोठे असते.

थोडे गणित करू. प्राथमिक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व ०·००८ हेन्री आणि प्रवाह ४ अँपिअर धरा. तो एका सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात शून्यावर आला, तर

विभवांतर = ०·००८ × ४ ÷ ०·०००१ = ३२० व्होल्ट.

दुय्यम वेटोळ्यात फेरे ८० पट आहेत, म्हणजे तेथे सुमारे २५,००० व्होल्ट निर्माण होऊ शकतात. बारा व्होल्टचे पंचवीस हजार झाले, ते तोडण्याच्या वेगामुळे.

मग पॉइंटजवळ एक लहानसे नळकांडे जोडलेले असते, ते कशासाठी? ते धारित्र होय. मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात. पॉइंट उघडू लागले, की त्यांच्यातील बारीक फटीत ठिणगी पडू पाहते आणि त्या ठिणगीतून प्रवाह चालूच राहतो. म्हणजे प्रवाह तुटतो खरा, पण रेंगाळत. कंडेन्सर त्या क्षणी प्रवाहाला दुसरी वाट देतो, त्यामुळे पॉइंटमध्ये ठिणगी पडत नाही आणि प्रवाह झटकन तुटतो. कंडेन्सर निकामी झाला, की प्लगमधली ठिणगी दुबळी होते आणि पॉइंट मात्र जळून काळे पडतात. पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील, तर दोष बहुधा त्यांचा नसून शेजाऱ्याचा असतो!

आता पहिल्या माणसाच्या, ‘बॅटरी उतरली’ म्हणणाऱ्याच्या, बोलण्यात काही तथ्य आहे का ते पाहू. प्राथमिक मंडलाचा रोध ३ ओहम धरला, तर १२ व्होल्टला प्रवाह ४ अँपिअर. बॅटरी जुनी असेल, तर तिचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. तो ०·०२ ओहम आणि सेल्फचा प्रवाह १५० अँपिअर असेल, तर आतल्या आतच ३ व्होल्ट खर्ची पडतात. उरले ९ व्होल्ट. कॉइलमध्ये प्रवाह ३ अँपिअर. पण गाभ्यात साठणारी ऊर्जा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून ती ९/१६, म्हणजे जवळजवळ निम्म्यावर येते! सेल्फ मंद का होईना फिरतो आणि ठिणगी मात्र अर्धमेली होते. अशा गाडीला धक्का मारला, की सेल्फचा प्रचंड प्रवाह वाचतो, कॉइलला पुरे १२ व्होल्ट मिळतात आणि गाडी सुरू होते. चौथ्या माणसाचा सल्ला अशा वेळी बरोबर ठरतो. पण सेल्फ जोमाने फिरत असताना धक्का मारून काहीही साधत नाही. फक्त घाम निघतो.

उघड्यावरची ठिणगी फसवते

ठिणगी आहे की नाही हे पाहण्याची एक रूढ पद्धत अशी : प्लग काढायचा, त्याची तार पुन्हा जोडायची, प्लगचे अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचे आणि सेल्फ मारायचा. ठिणगी दिसली, की ‘करंट आहे’ असे म्हणून प्लग पुन्हा बसवायचा. यात एक खोच आहे.

जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिश पाशेन याने १८८९ मध्ये प्रयोगांनी दाखवले, की वायूतून ठिणगी पडण्यास लागणारे विभवांतर हे वायूचा दाब आणि फटीचे अंतर यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. प्लगची फट अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. उघड्या हवेत तेवढ्यासाठी दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र मिश्रण सात-आठ पटींनी दाबलेले असते. तेथे त्याच फटीला कित्येक पट अधिक विभवांतर लागते. म्हणजे दुबळी कॉइल उघड्यावर पास होते आणि सिलिंडरमध्ये नापास!

यावर उपाय सोपा आहे. दाब वाढवता येत नसेल, तर अंतर वाढवा, गुणाकार महत्त्वाचा. म्हणून अनुभवी मिस्त्री कॉइलची जाड तार डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीतून काढतो, रबरी मुठीच्या पकडीने तिचे टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाच-सहा मिलिमीटर अंतरावर धरतो आणि सेल्फ मारायला सांगतो. ‘चट् चट्’ आवाज करीत निळसर, जोरकस ठिणगी पडली, तर ती सिलिंडरमध्येही पडेल असा भरवसा धरता येतो. बारीक, पिवळट आणि चाचपडणारी ठिणगी म्हणजे आजारी कॉइल, कंडेन्सर किंवा पॉइंट. पाशेनचे नाव त्या मिस्त्रीने बहुधा ऐकलेले नसते. नियम मात्र त्याच्या हाताला ठाऊक असतो.

मधोमध तपासा

एक खेळ करून पाहा. मित्राला १ ते ८ मधील एक अंक मनात धरायला सांगा. ‘१ आहे का? २ आहे का?’ असे विचारत गेलात, तर सात प्रश्नही लागू शकतात. पण ‘४ पेक्षा मोठा आहे का?’ असे विचारलेत, तर प्रत्येक उत्तराला निम्मे अंक बाद होतात आणि तीन प्रश्नांत काम होते.

ठिणगीच्या वाटेवर आठ मुक्काम आहेत असे धरू : किल्लीपासून येणारी तार, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल, कॉइलची जाड तार, डिस्ट्रिब्यूटरची टोपी, तिच्या आतील फिरता रोटर आणि शेवटी प्लग व त्यांच्या तारा. आता कॉइलच्या जाड तारेची वरील चाचणी पुन्हा आठवा. ती या वाटेच्या साधारण मध्यावर आहे. तेथे जोरदार ठिणगी असेल, तर पहिले पाच मुक्काम निर्दोष. दोष पुढच्या तिघांत. पावसाळ्यात तो बहुधा टोपीत सापडतो. टोपीवर आतून दमटपणा साठला, की पाण्याच्या पातळ थरातून वीज प्लगकडे जाण्याऐवजी भलतीकडेच निसटते. टोपी कोरड्या फडक्याने पुसली, की काम होते. टोपीत केसासारखी काळी रेघ दिसली, तर मात्र ती जळून कोळसा झालेली वाट असते. कोळसा विद्युत्‌वाहक आहे, तेव्हा ती टोपी बदलावीच लागते.

मध्यावर ठिणगी नसेल, तर मागच्या निम्म्या भागाकडे वळा. तेथे १२ व्होल्टचा छोटा दिवा पुरतो. दिव्याची एक तार कॉइलच्या पॉइंटकडील स्क्रूला आणि दुसरी गाडीच्या लोखंडाला जोडतात आणि सेल्फ मारतात. पॉइंट उघडे असताना बॅटरीचा प्रवाह कॉइलमधून दिव्यात जातो आणि दिवा लागतो. पॉइंट बंद असताना प्रवाहाला पॉइंटची सोपी वाट मिळते आणि दिवा विझतो. म्हणून :

दिवा लुकलुकला, तर किल्लीपासून पॉइंटपर्यंत सर्व ठीक. दोष कंडेन्सर, कॉइलचे दुय्यम वेटोळे किंवा जाड तार यांत.

दिवा सतत लागून राहिला, तर पॉइंट एकमेकांना टेकतच नाहीत. ते काजळलेले आहेत किंवा त्यांची फट जास्त आहे.

दिवा लागलाच नाही, तर कॉइलपर्यंत वीज पोहोचत नाही किंवा कॉइलचे प्राथमिक वेटोळे तुटले आहे. अथवा पॉइंट उघडतच नाहीत किंवा कंडेन्सर आतून जुळून गेला आहे.

एक छोटा दिवा आणि तीन उत्तरे! महाग उपकरणापेक्षा नेमका प्रश्न अधिक कामाचा असतो तो असा.

पेट्रोल कमी, पेट्रोल जास्त

ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोलकडे वळावे. पेट्रोल द्रवरूपात पेटत नाही, त्याची वाफ पेटते. तीही हवेत ठरावीक प्रमाणातच. हवेत पेट्रोलच्या वाफेचे घनफळ सुमारे १·४ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तर मिश्रण पेटत नाही आणि सुमारे ७·६ टक्क्यांपेक्षा जास्त असेल तरीही पेटत नाही. दुसरी गोष्ट पुष्कळांना खरी वाटत नाही. पण जास्त पेट्रोलला जाळायला पुरेसा ऑक्सिजन नको का?

म्हणूनच चोक ओढून पुन्हा पुन्हा सेल्फ मारला, की ‘ओव्हरफ्लो’ होते. प्लग पेट्रोलने ओले होतात आणि पेट्रोलचा उग्र वास येतो. अशा वेळी चोक बंद करून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून काही सेकंद सेल्फ मारतात. भरपूर हवा आत जाते, जादा पेट्रोल उडून जाते आणि मिश्रण पुन्हा पेटण्याच्या मर्यादेत येते.

पेट्रोल कमी आहे का हे पाहण्यासाठी इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढतात आणि अॅक्सिलरेटरचा दांडा हलवतात. बहुतेक कार्बोरेटरांत त्या वेळी पेट्रोलची बारीक पिचकारी उडताना दिसते. ती नसेल, तर वाटी कोरडी आहे. मग पुन्हा मध्यावर जावे : पंपापर्यंत पेट्रोल येते का? येत असेल, तर दोष पंपात किंवा त्याच्या पुढे. येत नसेल, तर टाकी, नळी किंवा गाळणीत. आणि हो, टाकीत पेट्रोल आहे ना? काट्यावर विसंबू नका. जुन्या गाडीचा काटा म्हणजे वृद्ध साक्षीदार. अलीकडे आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पंपातील पडदे त्यासाठी केलेले नव्हते, म्हणून तेही तपासावेत.

उन्हाळ्यात आणखी एक खोडी होते. पंप इंजिनाला चिकटून असल्यामुळे तापतो. शिवाय तो पेट्रोल ओढतो तेव्हा नळीतील दाब कमी होतो आणि कमी दाबाला द्रव कमी तापमानाला उकळतो. नळीत वाफेचे बुडबुडे होतात. पंप ओढतो तेव्हा बुडबुडा फुगतो, ढकलतो तेव्हा आकसतो आणि पेट्रोल जागचे हलत नाही. पंपावर ओले फडके टाकणारा टॅक्सीचालक बाष्पीभवनाच्या सुप्त उष्णतेचाच उपयोग करीत असे.

ठिणगी, दाब, पेट्रोल तिन्ही आहेत आणि कार्बोरेटरमधून किंवा सायलेन्सरमधून फटाका वाजतो, तर राहिली वेळ. नुकतेच कोणी प्लगच्या तारा काढून पुन्हा लावल्या होत्या का, हे आधी विचारावे. या इंजिनात सिलिंडर १-३-४-२ या क्रमाने पेटतात. दोन तारांची अदलाबदल झाली, की ठिणग्या पडतात, पण चुकीच्या घरी.

‘सुरू झाली’ म्हणजे ‘दुरुस्त झाली’ का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या एका बाईंची पद्मिनी लांबच्या प्रवासात मध्येच बंद पडू लागली. सेल्फ फिरे, गाडी सुरू होत नसे. पहिल्यांदा गॅरेजमध्ये ओढून नेल्यावर बॅटरी बदलली. गाडी सुरू झाली. पंधरवड्याने पुन्हा तेच. प्लग बदलले, सुरू झाली. तिसऱ्यांदा कार्बोरेटर खोलून साफ केला, सुरू झाली. दर वेळी बिल आणि दर वेळी समाधान! मिस्त्री अप्रामाणिक नव्हता. प्रत्येक वेळी त्याच्या डोळ्यांदेखत दुरुस्तीनंतर गाडी सुरू होत होती.

बाईंनी मग एक वही घातली. गाडी निघाल्यापासून किती मिनिटांनी बंद पडली, कशी पडली आणि किती वेळाने सुरू झाली, हे त्या टिपू लागल्या. पहिल्या वीस मिनिटांत ती कधीच बंद पडली नव्हती. पुढच्या वेळी गाडी अडली तेव्हा त्यांनी काहीच केले नाही. बॉनेटही न उघडता सावलीत तासभर वाचत बसल्या. नंतर किल्ली फिरवली आणि गाडी सुरू झाली!

आता सारे स्पष्ट झाले. तिन्ही दुरुस्त्यांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे गाडी ओढून नेण्यात आणि खोलण्यात गेलेला वेळ. तेवढ्यात इंजिन निवत होते. गाडी सुरू होत होती ती थंड झाल्यामुळे. श्रेय मात्र नव्या भागाला मिळत होते. बाईंनी ‘काहीच न करण्याचा’ जो प्रयोग केला, त्याला विज्ञानात नियंत्रित प्रयोग म्हणतात.

उष्णतेने बिघडणाऱ्या दोन गोष्टी उरल्या : नळीतील वाफ किंवा तापलेली कॉइल-कंडेन्सर जोडी. पुढच्या वेळी मिस्त्रीला सोबत घेऊनच फेरी मारली. गाडी अडताच, गरम असतानाच, दोन चाचण्या झाल्या. पिचकारी व्यवस्थित उडाली. जाड तारेची ठिणगी मात्र पिवळी आणि बारीक. दिवा लुकलुकला. कंडेन्सर सर्वांत स्वस्त, म्हणून तो आधी बदलला. तत्क्षणी निळी ठिणगी! पण बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी जुना कंडेन्सर पुन्हा लावायला सांगितला. ठिणगी पुन्हा पिवळी. नवा लावला, पुन्हा निळी. आता शंकेला जागा उरली नाही.

‘यानंतर झाले, म्हणून यामुळे झाले’ हा समज मोटारीपुरता नाही. औषध घेतले आणि सर्दी बरी झाली, पेन बदलले आणि गुण वाढले, अशी कितीतरी उदाहरणे तुम्हांला घरात सापडतील. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि जमल्यास ती पूर्ववत करूनही पाहा. हा नियम गॅरेजमध्ये पैसे वाचवतो, दवाखान्यात कधी जीवही वाचवू शकतो.

आजच्या गाड्यांत पॉइंट नाहीत आणि कार्बोरेटरही नाही. संगणक संवेदकांच्या मदतीने ठिणगीची वेळ ठरवतो आणि पेट्रोल फवारतो. दोषाचा क्रमांकही सांगतो. पण तो क्रमांक म्हणजे संशयिताचे नाव असते, निकाल नव्हे. चार गरजा मात्र त्याच आहेत. एक इशारा नव्या-जुन्या सर्वच गाड्यांना लागू आहे. पुराच्या पाण्यात बंद पडलेल्या गाडीचा सेल्फ मारू नये. मुंबईत २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि असंख्य गाड्या पाण्यात उभ्या राहिल्या. सिलिंडरमध्ये पाणी शिरले असेल, तर हवेसारखे ते दाबले जात नाही. दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकू शकतो.

विचार करा

१. तुमच्या घरची विजेरी लागत नाही. तिला लागणाऱ्या गोष्टींची यादी करा. पहिली चाचणी कोठे कराल म्हणजे निम्मे संशयित सुटतील?

२. बॅटरीचे विभवांतर १२ ऐवजी ६ व्होल्ट झाले, तर कॉइलमधील ऊर्जा किती पट होईल?

३. बाईंच्या गाडीत दोष नळीतील वाफेचा असता, तर गरम असताना केलेल्या दोन चाचण्यांचे निकाल काय आले असते?

४. मिनिटाला २०० फेऱ्या फिरणाऱ्या चार सिलिंडरच्या इंजिनात, प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटत असेल, तर सेकंदाला किती ठिणग्या पडतील? तुमचे उत्तर सहा आणि सात यांच्या दरम्यान यायला हवे. आले नाही, तर गणित मध्यापासून तपासा!